झऱ्याचं पाणी, घरची व्हिस्की आणि धाकट्या भावाचं रॉकेट

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याच्या वर, जावळीच्या अंगाला वडिलोपार्जित तीन एकर रान. रानाच्या वरच्या बाजूला झरा, मे महिन्यातही न आटणारा. विचारणारे पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. या पाण्यावर वर्षाला चाळीस-पन्नास लिटर माल्ट व्हिस्की (मोड आणलेल्या बार्लीची) गाळायची, विकायची नाही, फक्त हौस म्हणून, असा त्यांचा बेत आहे. त्यांचा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला असून मित्रांबरोबर द्रव इंधनावरचं छोटं रॉकेट इंजिन बनवतोय. "दादा, तुझं स्पिरिट आम्हाला चालेल का?" असं त्याने विचारलंय. पाण्याने चव खरंच बदलते का, घरी गाळता येईल का आणि तेच स्पिरिट रॉकेटला चालेल का, एवढं त्यांना हवंय.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून लागलो आणि बत्तीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झालो. रॉकेटमधला तज्ज्ञ मी नव्हे. पुतण्याच्या नादाने गेली काही वर्षं पोरांच्या जमिनीवरच्या इंजिन चाचण्यांना वाळूची पोती मोजायला आणि "थांबा" म्हणायला उभा राहतो, एवढंच.

मधला प्रश्न आधी उरकतो. नाही, घरी गाळता येणार नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ साली झाला, तेव्हा त्याचं नाव मुंबई दारूबंदी अधिनियम होतं. त्यातल्या कलम ६५ प्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहेच, शिवाय त्या कामासाठी भट्टी आणि भांडी बाळगणं हाही गुन्हा आहे. विकली नाही, पाहुण्यालाही पाजली नाही, या सबबी चालत नाहीत. 'हौस' असा रकानाच त्या कायद्यात नाही. यूट्यूबवर गॅरेजमध्ये तांब्याची चकचकीत भट्टी मांडून बसलेली माणसं दिसतात, त्यातली बरीचशी न्यूझीलंडची असतात. तिथे १९९६ पासून स्वतःपुरतं गाळायला मोकळीक आहे. अमेरिकेत घरी बिअर बनवलेली चालते, पण स्पिरिट गाळायला तिथल्याही केंद्रीय कायद्याने वर्षानुवर्षं बंदी ठेवली. तेव्हा भांडं विकत घेऊ नका. पुढे जे लिहितोय ते, तुम्ही कधी परवानाधारक डिस्टिलरीच्या दारात आपलं धान्य आणि आपलं पाणी घेऊन उभे राहिलात तर तिथल्या माणसाशी काय बोलायचं ते कळावं, म्हणून.

आता पाणी. तुमचा जीव त्यातच अडकलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाबळेश्वर-कासच्या पठारावर माथ्याला जांभा आहे आणि खाली काळ्या पाषाणाचे थर. पावसाचं पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येतं. त्याचा मुक्काम थोडा, म्हणून त्यात क्षार कमी असतात. असं पाणी जिभेला हलकं लागतं आणि त्यात शिजवलेली डाळ पटकन मऊ होते. इकडे आमच्या कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी चहात घातलं तरी कळतं. वाळवा, मिरज, पलूसकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मग मऊ पाण्याची व्हिस्की चांगली, असं म्हणायचं का? जाहिरातवाले म्हणतात. पण स्कॉटलंडमधलीच ग्लेनमोरांजी डिस्टिलरी टारलोगीच्या झऱ्याचं पाणी वापरते आणि ते चांगलं जड आहे. अमेरिकेत केंटकीची बर्बनवाली (मक्याच्या व्हिस्कीवाली) मंडळी चुनखडीतून आलेल्या पाण्याचा अभिमान मिरवतात. दोन्हीकडची दारू उत्तम असते. धान्यातल्या पिठुळाची (स्टार्चची) साखर करणारं जे अल्फा अमायलेज नावाचं एन्झाइम, त्याला थोडं कॅल्शियम लागतं. यीस्टला मॅग्नेशियम आणि किंचित जस्त लागतं. अगदीच निर्मळ पाणी घेतलंत तर हे बाहेरून घालावं लागतं. म्हणजे ज्या शुद्धतेचं तुम्हाला कौतुक आहे, तिच्यात केमिस्टला चमचाभर जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा क्षार, मिसळावं लागेल.

एका गोष्टीची मात्र मला खरी धास्ती आहे, ती म्हणजे लोह. जांभा लाल दिसतो तो लोहामुळेच. बहुतेक झऱ्यांत ते विरघळलेलं नसतं. पण झऱ्याच्या तोंडाशी, दगडांच्या खाचेत, नारिंगी बुळबुळीत गाळ साचत असेल तर पाण्यात लोह आहे असं समजा. व्हिस्की ओकच्या पिंपात मुरते, ओकमध्ये टॅनिन असतं, आणि टॅनिन व लोह एकत्र आले की शाई होते. तुमच्याच डोंगरात हिरड्याची झाडं आहेत ना? हिरडा आणि लोखंडाचा क्षार यांची शाई आपल्याकडे पूर्वी करतच. लोहाचं पाणी पिंपातल्या दारूत गेलं तर सोनेरी रंगाऐवजी काळपट-हिरवट झाक येते, आणि ती गाळून जात नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून तुमचा थोडा हिरमोड होईल. पिंपातून साठ टक्क्यांच्या आसपास निघालेलं स्पिरिट बाटलीत भरताना पाणी घालून खाली आणतात. आपल्याकडे बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं, ते मापही दारूचा कडकपणा मोजायच्या इंग्रजांच्या जुन्या 'प्रूफ' हिशोबातून आलेलं. म्हणजे बाटलीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तरी शेवटी घालायचं हे पाणी सहसा आरओचं किंवा क्षार काढलेलं असतं, कारण कॅल्शियमवालं पाणी स्पिरिटमध्ये घातलं की क्षार बाहेर पडतात आणि दारू गढूळ दिसते. लेबलवर झरा, बाटलीत आरओ. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही, पण झऱ्याच्या चवीची कविता करायचं मी कधीच सोडलं.

मग झऱ्याचा उपयोग काय? थंडावा. डिस्टिलरीत सगळ्यात जास्त पाणी वाफ गार करायला लागतं. एक लिटर स्पिरिट थेंबाथेंबाने खाली उतरवायचं तर कंडेन्सरमधून ढोबळमानाने पंधरा-वीस लिटर पाणी फिरतं, तेही ते पाणी वीस अंशांनी तापू दिलं तर. पाणी मुळात गार असेल तर कमी लागतं. आणि तुमचा झरा रानाच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे पाणी आपोआप खाली येतं, पंप लागत नाही. माझ्या लेखी तुमच्या झऱ्याची खरी किंमत हीच.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री लाइट गेली आणि कूलिंगचा पंप बंद पडला, पण बॉयलरची वाफ चालूच राहिली. कंडेन्सरमध्ये पाणी नाही म्हटल्यावर अल्कोहोलची वाफ व्हेंटमधून सरळ बाहेर येऊ लागली. गोडसर वास आधी पायाशी आला, कारण ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. अंधारात एक पोरगा जनरेटर सुरू करायला धावला. मी त्याचा दंड धरला तो अजून आठवतो, हातात घाम होता, सुटायला बघत होता. अल्कोहोलची वाफ हवेत साधारण साडेतीन ते एकोणीस टक्के असली की ठिणगीची वाट बघत असते. आम्ही वाफेचा व्हॉल्व्ह हाताने बंद केला, दारं उघडली आणि टॉर्चही न लावता बाहेर जाऊन उभे राहिलो. दुसऱ्या महिन्यात गच्चीवर टाकी बसली, नुसत्या उतारावर चालणारी. घरगुती भट्टीवाल्याकडे ना ती टाकी असते, ना दंड धरणारं कुणी. शिवाय अल्कोहोलची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसतच नाही. माणसाला भाजल्यावर कळतं.

चव कुठून येते, ते विचारलं नाहीत तरी सांगतो. ती आंबवण्यातून येते, पिंपातून येते आणि धार कुठे तोडायची या निर्णयातून येते. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे अस्सल, कडक. शिव्यासुद्धा पहिल्या धारेच्या असतात. पण व्हिस्की गाळणारा पहिली धार बाजूला काढतो. तिच्यात अॅसिटाल्डिहाइड आणि एथिल अॅसिटेट जास्त असतं, वास सरळ नेलपॉलिशचा. मधली धार ठेवायची. शेवटी ओल्या पोत्याचा, उकडलेल्या कणसाच्या पाण्यासारखा वास यायला लागला की पुन्हा भांडं बदलायचं. आमचे जुने डिस्टिलर दोन थेंब तळहातावर घेऊन तळवे एकमेकांवर घासायचे आणि स्पिरिट उडून गेल्यावर उरलेला वास घ्यायचे. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे स्पिरिटमधले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, आलं तरी त्यांचं हे चालूच राहिलं, आणि बहुतेक वेळा त्यांचं नाक आणि मशीन यांचं जमायचं.

इथे एक गैरसमज आहे, तो जिवावर बेततो. लोकांना वाटतं, विषारी मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.३ ला, तेव्हा पहिली धार फेकली की विष गेलं. तसं होत नाही. पाणी आणि इथेनॉलमध्ये मिसळलेलं मिथेनॉल थोडंथोडं करून शेवटपर्यंत येत राहतं. धान्यात किंवा गुळात ते मुळात फारच कमी तयार होतं. फळांच्या सालीतल्या पेक्टिनमधून थोडं जास्त होतं. माणसं मरतात ती बहुतेक वेळा दारूत कारखान्यातलं मिथेनॉल मिसळल्यामुळे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती अशीच. असली दारू पोटात गेली तर त्रास कधीकधी बारा-चोवीस तासांनी सुरू होतो आणि डोळ्यांपुढे धुकं येतं. तेव्हा 'उतरेल' म्हणून झोपवून ठेवायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

तांब्याबद्दल दोन शब्द. माल्ट व्हिस्कीची भट्टी तांब्याची असते, कारण आंबवताना तयार झालेले गंधकाचे वास तांबं धरून ठेवतं. हे ऐकून एका गृहस्थाने तांबटाकडून सुरेख हंडा घडवून आणला होता, आतून कल्हई केलेला. कल्हई म्हणजे कथिल. तांब्याचा स्पर्शच झाकून टाकला, मग तांबं कशाला? मुरवण्याचं गणितही आपल्याकडे वेगळं आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जातं, बंगळुरात दहा-बारा टक्के. बंगळुरूच्याच अमृत डिस्टिलरीने २००४ साली ग्लासगोत जाऊन आपला सिंगल माल्ट विकायला ठेवला, तो याच उन्हात लवकर मुरलेला होता. सांगलीच्या एप्रिलमध्ये पिंप किती पितं, त्याचा अंदाज तुम्हीच करा.

आता भाऊ. त्याला सांगा, प्रश्न चांगला आहे. अल्कोहोलवर रॉकेट चालतं, नव्हे, मोठ्या द्रव-इंधन रॉकेटांची सुरुवातच तिथून झाली. जर्मनांचं दुसऱ्या महायुद्धातलं व्ही-२ रॉकेट इथेनॉल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर उडायचं. ५ मे १९६१ ला अॅलन शेपर्डला अवकाशात नेणारं रेडस्टोनही त्याच जोडीवर. आज डेन्मार्कमध्ये कोपनहेगन सबऑर्बिटल्स नावाचा हौशी मंडळींचा गट आहे. लोकवर्गणीवर चालतो. त्यांनी २०१८ च्या ऑगस्टमध्ये नेक्सो-२ समुद्रातून उडवलं, तेही इथेनॉलवर.

पण भावाने पुढे विचारलंय की पेट्रोलमध्ये मिसळतात ते ९९ टक्क्यांच्या वरचं निर्जल इथेनॉल कुठे मिळेल. इथे त्याची गाडी उलट्या दिशेला चाललीय. साध्या ऊर्ध्वपातनाने ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. पुढचं पाणी आम्ही मॉलिक्युलर सीव्हमधून, म्हणजे फक्त पाणी शोषून धरणाऱ्या बारीक छिद्रांच्या खड्यांतून, काढतो, आणि ते सगळं गाडीच्या इंजिनासाठी. व्ही-२ मध्ये मात्र ७५ टक्के इथेनॉलमध्ये २५ टक्के पाणी मुद्दाम ठेवलेलं होतं. कारण पुन्हा तेच, थंडावा. ज्वलनकक्षात तापमान अडीच हजार अंशांच्या पुढे जातं, तांबं वितळतं १०८५ ला, पोलाद दीड हजाराच्या आसपास. मग भिंत टिकायची कशी? इंधन आधी भिंतीच्या दुहेरी पदरातून फिरवून मग आत सोडायचं, म्हणजे जळायच्या आधी तेच कंडेन्सरच्या पाण्याचं काम करतं. त्यात पाणी असलं की उष्णता जास्त शोषली जाते आणि ज्वालाही थोडी सौम्य होते. जोर जरा कमी मिळतो, पण इंजिन हातात राहतं. आम्ही बत्तीस वर्षं जे पाणी काढायला झटलो, ते रॉकेटवाल्यांनी मुद्दाम परत घातलं. पुतण्याने मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसत सुटलो होतो.

स्पिरिट कुठून आणायचं? दादाकडून तर नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा निकालात औद्योगिक अल्कोहोलही राज्यांच्या अखत्यारीत येतं असं ठरवलं. तेव्हा कॉलेजमार्फत, उत्पादन शुल्क विभागाच्या रीतसर परवान्यावरच घ्या. दहा लिटरसाठी फायली फिरवायचा कंटाळा येईल, येऊ दे.

मला इंधनापेक्षा ऑक्सिजनची भीती जास्त वाटते. एकदा वायुरूप ऑक्सिजनवरच्या एका टीचभर इंजिनाची चाचणी होती. सगळं जोडून झालं, उलटी मोजणी सुरू व्हायची होती. मी सहज व्हॉल्व्हच्या आट्यांवरून बोट फिरवलं तर बोट चिकट झालं. एका पोराने आटे जाम होऊ नयेत म्हणून सवयीने ग्रीस लावलं होतं, मोटारसायकलला लावतात तसं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले तर ठिणगीचीही गरज नसते. कुपवाड एमआयडीसीतला कुठलाही वेल्डर हे झोपेत सांगेल, पण चारही वर्षं पहिला वर्ग मिळवणाऱ्या पोराला माहीत नव्हतं. चाचणी रद्द केली, सगळे भाग सुटे करून धुतले, पोरं दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीत.

काही टीम ऑक्सिजनऐवजी नायट्रस ऑक्साइड घेतात, ते 'सुरक्षित' म्हणून. कॅलिफोर्नियात मोहावीला २६ जुलै २००७ ला स्केल्ड कंपोझिट्स कंपनीच्या रॉकेट चाचणीत नायट्रसचा स्फोट होऊन तीन माणसं गेली. तेव्हा इंजिन पेटवलेलंसुद्धा नव्हतं, नुसता प्रवाह तपासत होते. भावाला हे वाक्य दोनदा वाचायला लावा. आणि प्रज्वलन उशिरा झालं तर कक्षात इंधन साचतं आणि मग सगळं एकदम पेटतं. म्हणून ठरलेल्या क्षणी ज्योत दिसली नाही तर व्हॉल्व्ह आपोआप बंद झाले पाहिजेत. "अजून जरा थांबून बघू" हे तिथे चालत नाही.

जावळीच्या रानात उडवायचं का? अजिबात नको. फेब्रुवारीपासून त्या उतारांवरचं गवत काडीसारखं वाळतं, दरवर्षी वणवे लागतात, पलीकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. आपले लोक दिवाळीत रॉकेटला अजून 'बाण' म्हणतात. मराठ्यांच्या फौजेत असे बाण खरोखर होते, तेव्हा हौस जुनीच आहे. पण आता घन इंधन बनवलं तर स्फोटक कायदा १८८४ आणि स्फोटके नियम २००८ लागू होतात, आणि त्यांचा कारभार पाहणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. अवकाशाच्या दिशेने खरंच काही सोडायचं तर खासगी अवकाश कामांना मंजुरी देणाऱ्या इन-स्पेस या केंद्रीय संस्थेची परवानगी लागते. खासगी माणसाला ते दार उघडलंय हे मात्र खरं. स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोट्याहून ८९.५ किलोमीटर उंच गेलं. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने ३० मे २०२४ ला उड्डाण केलं, तेही आधीचे चार प्रयत्न ऐनवेळी थांबवून. मला त्या उड्डाणापेक्षा त्या चार थांबण्यांचं कौतुक वाटतं. आमच्या पोरांना तेच जमत नाही.

तुम्ही दोघे भाऊ आत्ता, बिनपरवान्याचं, एवढं करू शकता. काचेची स्वच्छ बाटली घ्या, झऱ्याच्या तोंडाशीच तीनदा विसळून काठोकाठ भरा, बूच लावा. अशी एक बाटली मे महिन्यात आणि एक श्रावणात, कारण दोन्ही वेळचं पाणी सारखं नसतं. प्रयोगशाळेत लोह, कॅल्शियम आणि नायट्रेट तपासून घ्या. त्याआधी घरी एक कप कोरा चहा करा, फिकट. त्यात चारपाच चमचे झऱ्याचं पाणी घालून तासभर ठेवा आणि शेजारी आरओचं पाणी घातलेला दुसरा कप ठेवा. टॅनिन चहातही असतं. झऱ्याचा कप काळवंडला तर पिंपात काय होईल ते तुम्हाला तिथेच दिसेल. भावाला म्हणावं तेवढ्या वेळात झऱ्याखाली बादली लावून ती किती सेकंदांत भरते ते मोज, आणि पाण्याचं तापमानही घे. दोन्ही आकडे मला कळवा.